करार दोन देशांचा, कर आपला

ऑक्टोबर २०१८ मध्ये हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा कंपनीच्या कामासाठी स्टुटगार्टला गेला. त्याचे वडील दर वर्षी माझ्या नारायण पेठेतल्या ऑफिसात रिटर्नची फाइल घेऊन येतात, त्यामुळे ते घर माझ्या ओळखीचं. सप्टेंबर संपेपर्यंत मुलगा पुण्यातच होता. एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस मोजले तर १८३ भरतात. म्हणजे आपल्या कायद्याच्या लेखी त्या आर्थिक वर्षात तो भारताचा निवासी राहिला, आणि निवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र असतं. जर्मनीचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. काम आमच्या भूमीवर झालं, पगार इथून दिला गेला, तर कर आम्ही घेणार. सहा महिन्यांचा एकच पगार, आणि त्यावर हक्क सांगणारी दोन सरकारं.

या पेचासाठीच दुहेरी कर टाळण्याचा १९९५ चा भारत–जर्मनी करार आहे. जर्मनीत भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी वजावट, भारताने द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अडचण वेगळीच निघाली. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. ऑक्टोबर ते डिसेंबरचा पगार त्यांच्या एका वर्षात गेला, जानेवारी ते मार्चचा पुढच्या वर्षात. त्या दुसऱ्या वर्षाचा अंतिम हिशेब जर्मनीत लागायच्या कितीतरी आधी आपल्याकडे रिटर्नची मुदत संपते. मुलाने रिटर्न वेळेत भरलं, पण परदेशातल्या कराचं क्रेडिट मागण्याचा फॉर्म ६७ तिकडचे कागद हाती आल्यावर, डिसेंबरात भरला. तेव्हाच्या नियमानुसार तो रिटर्नच्या मुदतीतच जायला हवा होता. क्रेडिट नाकारलं गेलं आणि मागणीची नोटीस आली. त्याचे वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "मॅडम, दोन देशांनी सही करून शब्द दिलाय ना? मग एका फॉर्मच्या तारखेने तो फिरतो कसा?"

पुढे अपिलात क्रेडिट मिळालं. अशा अनेक प्रकरणांत न्यायाधिकरणांनी हेच सांगितलं की फॉर्मची मुदत ही प्रक्रियेची बाब आहे, तिच्यापायी करारातला हक्क बुडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये नियमही बदलला आणि मुदत कर आकारणी वर्षाच्या शेवटापर्यंत गेली. पण वडिलांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. हे करार होतात कोणासाठी, आणि बदलताना कोणाला विचारून बदलतात?

माझं मत सरळ आहे. दुहेरी कर टाळण्याचे करार वेळोवेळी दुरुस्त झालेच पाहिजेत. पण दुरुस्तीवर सही झाल्यानंतर आणि ती अमलात येण्याआधी तिचा मसुदा, सोप्या भाषेतल्या टिपणासह, संसदेच्या समितीपुढे आणि लोकांपुढे आला पाहिजे. आज आपल्याकडे तसं होत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ९० ने हा अधिकार केंद्र सरकारला दिला: करार करा, राजपत्रात अधिसूचना काढा, झाला लागू. संसदेची मंजुरी लागत नाही. २०२५ च्या नव्या कायद्यातही व्यवस्था तीच ठेवली आहे. अर्थसंकल्पात कराचा दर एक टक्क्याने हलला तर आपण रात्रभर चर्चा करतो. करारातल्या एका वाक्याने तोच दर निम्म्यावर येतो किंवा शून्य होतो, आणि त्यावर सभागृहात चर्चा होण्याची कुठे सोयच नाही.

मॉरिशसची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यातलं मर्म बाहेर फारसं कुणी सांगत नाही. १९८२ साली भारताने मॉरिशसशी करार केला. शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क त्यात विकणारा ज्या देशाचा निवासी त्या देशाला दिला. मॉरिशस भांडवली नफ्यावर कर लावत नव्हता. दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या करारातून एकदाही कर लागणार नाही अशी वाट निघाली. १९९२ पासून परदेशी वित्तसंस्थांना आपला शेअर बाजार खुला झाला, त्याच वर्षी मॉरिशसनेही बाहेरच्या कंपन्यांसाठी खास कायदा केला, आणि जगभरचा पैसा मॉरिशसच्या राजधानीतल्या, पोर्ट लुईमधल्या एका पत्त्यावरून भारतात येऊ लागला. आयकर अधिकाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा १३ एप्रिल २००० रोजी परिपत्रक क्रमांक ७८९ निघालं: मॉरिशसने निवासी असल्याचा दाखला दिला की तो पुरेसा पुरावा मानावा. आझादी बचाओ आंदोलन ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये परिपत्रक उचलून धरलं. करारात अडवणारं कलम नसेल तर न्यायालय ते घालणार नाही, धोरण ठरवणं हे सरकारचं काम, असा त्या निकालाचा रोख होता.

मला तो निकाल आजही पटतो. दुरुस्तीचं काम करारातच व्हायला हवं होतं. पण ती दुरुस्ती १० मे २०१६ ला झाली. मूळ सहीनंतर जवळजवळ ३४ वर्षांनी! या काळात पुण्यातल्या नोकरदाराचा टीडीएस दर महिन्याला न चुकता कापला जात होता. एवढा उशीर का झाला, याचं उत्तर माझ्या मते त्या व्यवस्थेतच आहे. करार सरकारचा, वाटाघाटी सरकारच्या, अधिसूचना सरकारची. ठरावीक काळाने कुणी उठून "या करारातून आपल्याला काय मिळालं आणि काय गेलं?" असं विचारावं, अशी खुर्चीच कुठे नव्हती. गुंतवणूक पळेल ही भीती दर वेळी पुढे केली गेली. दुरुस्तीनंतर काय झालं ते आपल्यासमोर आहे. सिंगापूरचा करारही त्याच वर्षाच्या अखेरीस तसाच बदलला, तरी पैसा येत राहिला, आणि २०१८-१९ मध्ये थेट परदेशी गुंतवणुकीत सिंगापूरने मॉरिशसला मागे टाकलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारी माणसं जबाबदार असतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं. वाटाघाटी चव्हाट्यावर होत नसतात, बदलाची कुणकुण लागली की गुंतवणूकदार आधीच व्यवहार उरकून घेतील, असं ते म्हणतात. पहिल्या भागाशी मी सहमत आहे. म्हणूनच मी वाटाघाटी उघड करा असं म्हणत नाही, सहीनंतरचा मजकूर वाचू द्या असं म्हणते. दुसऱ्या भागाबद्दल मॉरिशसचीच दुरुस्ती पाहा. १ एप्रिल २०१७ च्या आधी घेतलेल्या शेअरना जुनं संरक्षण कायम राहिलं. म्हणजे सही झाल्यावर जवळपास ११ महिने कुणीही शेअर घेऊन त्या संरक्षणाखाली जाऊ शकत होतं. ती सवड सरकारने विचारपूर्वक दिली होती, आणि धंद्याला स्थिरता हवी म्हणून मला ती मान्यही आहे. पण एवढी सवड देता येत असेल, तर त्याच काळात एका समितीने चार बैठका घेतल्याने काही बिघडलं नसतं.

गुप्ततेचं कारण आणखी एका ठिकाणी लंगडं पडतं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) असे करार बेतण्यासाठी एक नमुना करार तयार केला आहे, आणि भारतासारख्या सदस्य नसलेल्या देशांची त्याबद्दलची मतं त्याच ग्रंथात छापलेली असतात. कोणत्या कलमावर भारताची हरकत आहे, कुठे भारत कर लावण्याचा हक्क राखून ठेवतो, हे समोरच्या देशाचा अधिकारी सहज वाचतो. मग भोसरीच्या कारखानदाराला ते सोप्या मराठीत किंवा हिंदीत का कळू नये?

भोसरीचं नाव उगाच घेतलेलं नाही. माझ्याकडे तिथले एक छोटे उद्योजक येतात. त्यांनी जर्मन मशीन घेतलं. ते बिघडलं की तिकडून तंत्रज्ञ येतो, आणि बिल युरोत येतं, "आमच्या हातात एवढी रक्कम पडली पाहिजे" या अटीवर. म्हणजे त्यावरचा भारतातला कर मशीनमालकाने सोसायचा. परदेशी तांत्रिक सेवेवरचा आपला कायद्यातला दर २०२३ मध्ये १० वरून थेट २० टक्के झाला. जर्मनीशी असलेल्या करारात तो १० टक्के आहे, पण तो मिळायला समोरच्याने निवासी असल्याचा दाखला आणि ठरलेला फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली १०एफ) द्यावा लागतो. तंत्रज्ञ पुरवणाऱ्या त्या छोट्या जर्मन फर्मला भारताच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म भरण्यात काडीचा रस नाही. ती देत नाही, आणि इकडे फरकाचा भार आमच्या माणसावर पडतो. आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते काही वेळ गप्पच झाले. अमेरिकेशी असलेल्या १९८९ च्या करारात अशा सेवेवर भारतात कर लावायचा तर ते ज्ञान घेणाऱ्याच्या हाती आलं पाहिजे, पुढे तो ते स्वतः वापरू शकला पाहिजे, अशी अट आहे. नुसती दुरुस्ती करून तंत्रज्ञ निघून गेला तर ती अट बहुतेक वेळा पुरी होत नाही. जर्मनीच्या करारात ही अट नाही. मशीन तसंच, बिघाड तसाच, दुरुस्तीही तशीच. फक्त तंत्रज्ञ कोणत्या देशातून आला यावर कर ठरतो. कोणता शब्द बरोबर यावर मतभेद असू शकतात. अमेरिकी अट सगळीकडे घातली तर सरकारचं उत्पन्न घटेल, हेही खरं. पण हा निर्णय घेताना भोसरीतल्या त्या माणसाचा अनुभव टेबलावर असायला हवा, आणि आज तो तिथे पोचायला वाटच नाही.

शब्दाची ताकद पाहायची असेल तर स्वित्झर्लंडचं उदाहरण घ्या. त्या कराराच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे कराराला जोडलेल्या पुरवणी दस्तऐवजात, एक वचन होतं: आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेचा सदस्य असलेल्या एखाद्या देशाला भारताने पुढे कमी दर दिला, तर तो स्वित्झर्लंडलाही मिळेल. भारताने लिथुआनिया आणि कोलंबियाशी करार केले, त्यात लाभांशावरचा दर ५ टक्के होता. हे दोन्ही देश संघटनेत आले ते करारानंतर, २०१८ आणि २०२० मध्ये. मग वाद उभा राहिला: करारातला 'आहे' म्हणजे कधी आहे? करार झाला तेव्हा, की सवलत मागितली तेव्हा? दिल्ली उच्च न्यायालयाने सवलत मागितली तेव्हाची स्थिती धरली. स्वित्झर्लंडने त्यावर विसंबून २०२१ मध्ये आपल्याकडेही भारतीयांसाठी ५ टक्के दर जाहीर केला. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी नेस्लेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलट निकाल दिला: भारताशी करार होताना तो देश सदस्य असला पाहिजे, आणि कलम ९० खाली वेगळी अधिसूचना निघाल्याशिवाय अशी सवलत आपोआप लागू होत नाही. स्वित्झर्लंडने मग १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडचा दर पुन्हा १० टक्के केला. एका क्रियापदाने भारतीय कंपन्यांच्या तिथल्या लाभांशावरचा कर दुप्पट झाला. मसुदा कायद्याच्या चार जाणकारांनी खुलेपणाने तपासला असता तर हा प्रश्न सहीच्या वेळीच विचारला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. ७ मार्च २०२४ रोजी मॉरिशसशी आणखी एका प्रोटोकॉलवर सही झाली. कराराचा फायदा घेणं हा ज्या व्यवहाराच्या मुख्य हेतूंपैकी एक असेल त्याला तो फायदा मिळू नये, अशी त्यातली कसोटी. कसोटी योग्यच आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण मजकूर लोकांना कळला तो महिनाभराने, आणि २०१७ आधीच्या शेअरना दिलेलं संरक्षण या कसोटीत टिकतं का, याचं उत्तर त्यात नव्हतं. १२ एप्रिलला बाजार घसरला. प्रोटोकॉल अजून अमलात आलेला नाही, शंका घेणं घाईचं आहे, असा खुलासा आयकर विभागाला करावा लागला. खरं उत्तर २१ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकातून मिळालं: कसोटी पुढच्या काळासाठी आहे, आणि मॉरिशस, सिंगापूर, सायप्रसच्या करारांतलं जुनं संरक्षण तिच्या बाहेर राहील. एका प्रश्नाच्या उत्तराला साडेदहा महिने लागले. सहीच्याच दिवशी दोन पानांचं टिपण निघालं असतं तर ते त्यातच देता आलं असतं.

आता संसदेकडे पाठवायचं म्हणजे नक्की काय, यात मी सावध आहे. अमेरिकेत असे करार सिनेटच्या दोन तृतीयांश संमतीशिवाय लागू होत नाहीत. त्याचा परिणाम काय झाला? स्वित्झर्लंडशी २००९ मध्ये सही झालेल्या प्रोटोकॉलला सिनेटची मंजुरी मिळाली जुलै २०१९ मध्ये, कारण रँड पॉल या एका सिनेटरने वर्षानुवर्षं हरकत धरून ठेवली. तो रस्ता आपल्याला नको. मला जवळचा वाटतो तो ऑस्ट्रेलियाचा. तिथे १९९६ पासून संसदेची करारविषयक संयुक्त समिती आहे. सही झालेला करार राष्ट्रहिताच्या विश्लेषणासह संसदेत ठेवला जातो, समिती लोकांकडून निवेदनं मागवते, सुनावणी घेते आणि ठरलेल्या मुदतीत अहवाल देते. करार अडवण्याचा अधिकार तिला नाही.

ऑस्ट्रेलियाचा आणि पुण्याचा या विषयात जुना संबंध आहे. मुख्यालय पुण्यात असलेल्या टेक महिंद्राने भारतात बसून ऑस्ट्रेलियन ग्राहकांसाठी केलेल्या कामाच्या मोबदल्यावर ऑस्ट्रेलियाने १९९१ च्या करारातल्या रॉयल्टीच्या व्याख्येचा आधार घेऊन कर लावला, आणि २०१६ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो मान्य केला. इथल्या आयटी क्षेत्राची ती मोठी तक्रार होती. तोडगा निघाला २०२२ मध्ये, आर्थिक सहकार्य आणि व्यापार कराराबरोबर. ऑस्ट्रेलियाने आपला देशांतर्गत कायदा बदलला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून व्यापार करार अमलात आला. तो करार त्यांच्या समितीने तपासला होता. पुण्याच्या आयटीवाल्यांच्या कराचा प्रश्न ज्या व्यवहारात सुटला, त्याची संसदीय सुनावणी कॅनबेरात झाली! चांगलं झालं, पण मला त्याची खंतही वाटते.

अधिकार नसलेल्या समितीच्या बोलण्याने काय होणार, असं कुणी विचारेल. पुण्यात तरी हा प्रश्न पडू नये. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा सभासदांना मतदानाचा अधिकारच नव्हता. फक्त बोलता येत होतं. शिलकी अंदाजपत्रक असताना गरिबाच्या मिठावर एवढा कर कशासाठी, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून विचारलं. १९०३ च्या अंदाजपत्रकात मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची किमान मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब उघड मागितला की तो द्यावा लागतो.

आपल्याकडे नवी समितीसुद्धा लागणार नाही. अर्थविषयक स्थायी समिती आहेच. सही झालेला प्रत्येक प्रोटोकॉल तिच्याकडे जावा, टिपणात तीन गोष्टी असाव्यात: कोणाचा कर वाढतो, कोणाचा घटतो, आणि चालू व्यवहारांचं काय होतं. अहवालाची मुदत ठरलेली असावी, मुदत उलटली तर सरकार पुढे जायला मोकळं. दर दहा वर्षांनी प्रत्येक जुना करार याच समितीपुढे यावा, म्हणजे मॉरिशससारखा ३४ वर्षांचा मुक्काम पुन्हा होणार नाही.

त्या मेजावर छोट्या माणसाचे प्रश्न गेले तर काय होऊ शकतं, याचा एक चांगला नमुना आपल्याकडे आहे. अमेरिकेत नोकरी करून कोथरूडला परतलेल्या लोकांच्या निवृत्ती खात्यात दर वर्षी वाढ होते. भारत त्या वाढीवर त्याच वर्षी कर मागायचा, अमेरिका पैसे काढल्यावर. वर्षं जुळत नसल्याने क्रेडिट हातचं जायचं. २०२१ मध्ये कलम ८९ए आलं आणि पैसे काढतानाच कर द्यायची सोय झाली. अधिसूचनेत नावं आली तीन देशांची: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा. ऑस्ट्रेलियात वीस वर्षं काढून कर्वेनगरला परतलेल्या एका काकूंनी ती यादी माझ्या टेबलावर दोनदा वाचली आणि विचारलं, "आमचं नाव कुठे सांगायचं?"

मी त्यांचं निवेदन लिहून ठेवलंय. स्टुटगार्टच्या त्या मुलाची फाइल आणि भोसरीची बिलंही त्याच खणात आहेत. समिती ज्या दिवशी निवेदनं मागवेल, त्या दिवशी ती पाठवायची आहेत.